कोरडी चिठ्ठी

रवि. ४ मे, अकोला
साडेअकराला निखिलचा फोन. पुण्याहून दर रविवारी करतो, चुकत नाही. एरवी सहा मिनिटं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ऊन फार आहे का, चला बाबा ठेवतो. आज तो ठेवणार तेवढ्यात सहज विचारलं, तुझे ते शेअर कसे आहेत रे? पोरगा खुलला. चिपवाल्या कंपन्या, एआयवाल्या, कोणाचे दुप्पट, कोणाचे तिप्पट. मला ओ की ठो कळलं नाही. एकवीस मिनिटं चालला फोन. त्याची आई, शालू, गेल्यापासून एवढा कधीच नाही.
एकवीस. मोजू नये. पण फोनच दाखवतो.

मंगळ. ६ मे
नि.ने उघडून दिलेलं शेअरचं खातं तीन वर्षं नुसतं पडून होतं. पासवर्ड शोधण्यातच दुपार गेली. गेली तर गेली, दुपारचं करायचं काय असतं?
सकाळी फिरायला येणारे सगळे आता चिपमधले पंडित झालेत. मला चिप कळत नाही, केबल कळते. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो, केबल जोडणारा. एवढी सगळी माहिती धावणार ती फायबरमधूनच ना? आणि फायबर जोडली की त्या जोडाला पाणी लागू नये म्हणून डबा लागतोच. लग्नात सगळे नवरदेवाकडे बघतात, मांडववाल्याकडे कोणी बघत नाही. टेलिफोनचं सामान बनवणाऱ्यांचे भाव पाहिले. जिथल्या तिथे.

शनि. १० मे, परतवाडा
गजाननचा फोन आला होता. एकेकाळी माझ्या हाताखाली होता, आता स्वतः फायबर जोडायचे ठेके घेतो. रस्ता रुंद करतायत, जुनी लाइन उकरली. "साहेब, तुमच्या हातचा डबा निघाला. या पाहाले." पहिल्या एस.टी.ने गेलो.
आमची काळी माती म्हणजे केबलची सवत. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर. केबल ओढते, भलेभले डबे फोडते. हा बावीस वर्षं तिच्या पोटात होता. गजाननने माझ्यासमोर उघडला. आतून चिठ्ठी. डबा बंद करण्याआधी जॉइंटरने नाव-तारीख लिहून आत टाकायची, ही आमची रीत. साधा कागद. खडखडीत कोरडा. माझी सही, शाईसुद्धा फुटलेली नाही.
तारीख वाचली. निखिलच्या दहावीच्या निकालाचा दिवस. पोरगा शाळेतून पळत आला असेल आणि मी इथे, या खड्ड्यात. रात्री घरी पोचलो तेव्हा तो झोपला होता.
"साहेब, तुमी रडून राहिले का?"
"ऊन लागलं रे."
झाकणावरचं कंपनीचं नाव वहीत उतरवलं.

रवि. ११ मे
नि.ला डब्याची गोष्ट सांगितली. हसला. "बाबा, चिठ्ठी बघून कोणी शेअर घेतं का?" मग म्हणाला, ताळेबंद पाठवा, बघतो. २८ मि.
तारखेचं बोललो नाही. कसं बोलणार.

गुरु. २२ मे
भिंग लावून ताळेबंद वाचला, तीन दिवस. डबा कं.वर कर्ज नाही. गावोगावच्या फायबरची कामं हातात. भाव मात्र भंगाराचा. घेतले.

रवि. २२ जून
नि.नेही घेतले. "तुम्ही म्हणालात म्हणून, बाबा." हे वाक्य या पोराच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दुपारी एकट्यापुरता शिरा केला. जास्तच झाला. शेजारी द्यावा म्हटलं, त्यांच्या दाराला कुलूप.

रवि. १३ जुलै
डबा कं. वर, वर. पेपरातही आलं. नि. ऑफिसात सांगत फिरतोय, आमच्या बाबांनी शोधली. फ्लॅटसाठी साठवलेलं सगळं त्यात टाकलंय म्हणाला. सगळं? हो, सगळं.
छाती फुगली. तरी फोन ठेवून ताळेबंद पुन्हा काढला.

शुक्र. ८ ऑग., अमरावती
गजाननकडे. गेल्याच वर्षी टाकलेली लाइन बंद पडलेली. डबा त्याच कंपनीचा, नवा. हौसेने म्हटलं, मी उघडतो.
झाकण सोडलं तर पाणी. चिठ्ठीचा लगदा. रबराची पट्टी बोटाने दाबली तर तुटली. पुढचे दोन उघडले, तेही तसेच.
"आता असाच माल येऊन राहिला, साहेब. परतवाड्याचा तो डबा इसरा तुमी."
"मले आधी काहून नाही सांगितलं?"
"तुमी इचारलं कुठी?"
खरंय. जन्मभर हाताखालच्या पोरांना शिकवलं, नवा माल आला की आधी उघडून बघा. आणि मी बावीस वर्षांपूर्वीच्या डब्यावर भुललो. कंपनी पाहिलीच नाही. स्वतःची चिठ्ठी पाहिली.
ऑटोत बसलो, स्टँड मागे गेला तरी कळलं नाही.

रवि. १० ऑग.
फोन. भाव आणखी चढलाय. "बाबा, अजून एखादी शोधा ना!" शालूसारखा हसतो, आधी नाकातून. चाळीस मिनिटं.
नाही सांगितलं. सांगितलं की पुन्हा सहा मिनिटं, गोळ्या आणि ऊन.
चाळीस मिनिटांसाठी पोराचं घर पणाला लावलं. लिहिताना लाज वाटते.

बुध. १३ ऑग.
सकाळी भाव पाहिला. आजही वर. कदाचित वर्षभर चढेल, बाजाराला कुठे खड्ड्यात उतरायचंय. कदाचित उद्याच...
मीच फोन लावला.
"बाबा? आज बुधवार ना? बरे आहात ना?"
"कागद ओला निघाला," म्हणालो. मग डबे, रबर, गजानन, सगळं उलटसुलट. रविवारी लपवलं तेही. लाइन कटली वाटून फोनकडे पाहिलं, मिनिटं चालूच होती.
"बाबा, काहून घाबरून राहिले तुमी? सांगा ना बरोबर. पयलेपासून सांगा."
पुण्याला गेल्यापासून माझ्याशी असं आपल्या वऱ्हाडीत बोलला नव्हता. आणि पहिल्यापासून म्हणजे त्या निकालाच्या दिवसापासूनच सांगावं लागणार.
गॅसवर दूध होतं. बंद करून येतो म्हणालो.
"या बंद करून. मी हाये लाइनीवर."