निघताना सगळेच ‘येतो’ म्हणतात

४ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. वि. वि.

चाळिशी उलटली तरी मी तुला ठोंब्याच म्हणणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? मुलगी अजून जेवताना पुस्तक वाचते का? इकडची खुशाली लिहायला बसले, पण खुशाली अशी काही नाहीच. खरं सांगायचं तर मी घाबरले आहे.

हे गेल्यापासून आपल्या हॉटेलात एकदा आलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. तुला ठाऊकच आहे, स्टेशनाला लागून असल्यामुळे आपल्याकडे रात्रीच्या गाडीने शिणून आलेली माणसं उतरतात, दुपारभर झोपतात आणि संध्याकाळी पुढे जातात. यांच्या वेळी तीच तीच तोंडं असायची. कोणाला कुठली खोली लागते, कोणाला चहात साखर चालत नाही, हे सगळं यांना तोंडपाठ. आता रोज नवीन तोंड. निघताना प्रत्येक जण किल्ली ठेवतो, हसतो, ‘येतो’ म्हणतो. आणि मी वेडी वाट बघत बसते.

परवा तर कहरच झाला. दोऱ्याचे ते व्यापारी आठवतात ना, यांच्याशी राजकारणावर भांडायचे ते? पुष्कळ महिन्यांनी आले होते. मला केवढा धीर आला. दुपारीच खाली उतरले, किल्ली ठेवली आणि म्हणाले, ‘जातो.’ अरे, आपल्यात कोणी असं म्हणतं का? त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते.

इमारतीत निम्मा वाटा दिरांचा. ते म्हणाले, वर्षअखेरपर्यंत बघू, नाहीतर विकून मोकळं होऊ. मला त्यांच्या घरातली मागची खोली द्यायची, हेही त्यांचं ठरलं आहे. बोलले गोडच. पण लग्न होऊन मी या काउंटरमागच्या खोलीत आले, ती सोडायची माझी तयारी नाही.

तू गावोगाव वजनकाटे दुरुस्त करत फिरतोस, हॉटेलांचं पाणी पिऊन मोठा झालास. एखाद्या हॉटेलात तू पुन्हा का जात नाहीस, ते सरळ लिही. थट्टा नंतर कर.

तुझी वाट बघणारी,
ताई


९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थट्टा नंतर करायची तर आधी काय करू? असो. खोकला गेला, पुस्तक चालूच आहे, आता तर आमटीचे डाग पडतात त्यावर.

ताई, हॉटेल सोडायला मोठं कारण लागत नाही ग. मी एक हॉटेल निव्वळ दिव्याच्या बटणासाठी सोडलं. बटण दारापाशी, खाट खिडकीपाशी. दिवा मालवून अंधारात येताना रोज नडगी फुटायची. एके ठिकाणी दोन पडदे मध्ये बोटभर जुळत नव्हते आणि त्या फटीतून ऊन नेमकं माझ्या डोळ्यावर. एके ठिकाणी उशी अशी, की डोकं ठेवल्यावर दोन्ही कडा कानांवर यायच्या. टॉवेल टांगायला खुंटी नाही, नळ ठिबकतो, आधीच्या माणसाच्या साबणाची चकती तशीच. आणि चहा नको म्हटलं तरी दार ठोठावून विचारणारे तर माझे जन्माचे वैरी.

यातल्या एकाही गोष्टीवरून कोणी भांडत नाही. भांडणारा माणूस पुन्हा येतो, न भांडणारा येत नाही. तो हसतो, ‘येतो’ म्हणतो आणि पुढच्या वेळी समोरच्या हॉटेलात शिरतो. मीही तेच करतो. ‘येतो’ ही बोलायची रीत आहे, ते काही खोली राखून ठेवणं नव्हे. दोरेवाले निदान खरं बोलले म्हणायचे.

तर असं कर. प्रत्येक खोलीत एकेक दुपार स्वतः झोपून बघ. काय ठिबकतं, काय खडखडतं, ते निजल्यावरच कळतं. आणि पाहुणे असतील तेव्हा खोल्यांवर जरा कान ठेव. दाजी होते तेव्हा हे सगळं त्यांच्या कानांवर चालायचं.

घाबरू नकोस. तुझ्या लोभाचं वजन मला कुठल्याही काट्यावर कमी भरलेलं चालणार नाही.

तुझा,
ठोंब्या


२५ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र उशाशी ठेवून सगळं केलं. पडदे उसवून मध्ये पट्टी जोडली. वायरमनला बोलावून बटणं खाटेजवळ घेतली. नळांचे वायसर बदलले, खुंट्या ठोकल्या, साबणाच्या चकत्यांचा नायनाट केला. कोपऱ्यातल्या खोलीची खाट सरकवताना उजव्या पायाचा अंगठा चेमटला. त्यावर ही जाडजूड पट्टी बांधून लंगडते आहे, पण तेवढं चालायचंच.

आणि एवढं करून काय झालं, ते ऐक. वरच्या मजल्यावर कोणीतरी आहे, ठोंब्या.

सफाईवाल्या मावशींना आधी एका पाहुण्याने विचारलं, मग दुसऱ्याने, की दुपारी दाराबाहेर कोण उभं असतं. पाऊल वाजत नाही, हाक येत नाही, फक्त कोणीतरी उभं असल्याचं कळतं. गेल्या आठवड्यात परीक्षा घ्यायला आलेल्या एक शिक्षिकाबाई भर दुपारी बॅग घेऊन उतरल्या. केसही विंचरले नव्हते. माझ्याकडे न बघता ‘येते’ म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच गेल्या. मावशी आता एकट्या जिना चढत नाहीत. त्या म्हणतात, मालकच फिरतात. त्यांचा जीव इथे अडकलाय. मी त्यांना रागावले, पण माझीही पाचावर धारण बसली आहे. हे जिवंतपणी कोणाच्या वाटेला गेले नाहीत, ते आता पाहुण्यांना कशाला घाबरवतील?

नवल म्हणजे मला कोणीच दिसलेलं नाही. तू सांगितल्यापासून दुपारभर मी वरच असते. चपला वाजून झोपमोड नको म्हणून अनवाणी जाते. एकेका दाराशी थांबून कान ठेवते, नळ ठिबकत नाही ना, खिडकी खडखडत नाही ना. सगळं ठीक ऐकलं की पुढच्या दाराशी. मी पहाऱ्याला असताना तिथे कोण येणार?

तुला म्हणून सांगते, हे गेल्यापासून अधूनमधून वर जायची सवय मला होतीच. खाली माझ्या खोलीत दुपारी इतकं सामसूम असतं की माझा मलाच श्वास ऐकू येतो. वर कोणीतरी घोरत असतं. अनोळखी का असेना, माणूस घोरतोय म्हटलं की मन जरा थाऱ्यावर येतं. आता तेवढाही आधार राहिला नाही.

तू ये, नाहीतर कोणालातरी पाठव. उत्तराला उशीर लावू नकोस. बहिणीवर माया आहे ना?

तुझी,
ताई


३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र खुर्चीवर बसून वाच. आणि पूर्ण वाच.

तुला न सांगता मी माणूस पाठवला होता. सोमवारी जाड चष्म्याचे एक उंच गृहस्थ आले होते ना? तो माझ्या कंपनीतला. मणभर वजनाची मापं खांद्यावरून नेणारा गडी, उगाच घाबरणारा नव्हे.

तो म्हणाला, इतकी चांगली गादी आणि इतका काळोख त्याला कुठल्याच हॉटेलात मिळाला नव्हता. पडल्या पडल्या झोप लागली. जाग आली तेव्हा दाराखाली उजेडाची पट्टी होती आणि त्या पट्टीत दोन काळे डाग. पावलांचे. हलत नव्हते. कोण आहे, असं त्याला विचारायचं होतं, पण विचारलं नाही. त्याने पाय पोटाशी ओढून घेतले आणि लहान पोरासारखा बसून राहिला. मग ते डाग आवाज न करता पुढच्या दाराकडे सरकले.

तो खाली आला. तू त्याला चहा दिलास आणि नळ ठिबकत नव्हता ना, हे पुन्हा पुन्हा विचारलंस. तो ‘येतो’ म्हणाला आणि समोरच्या हॉटेलात जाऊन झोपला. मला हे सांगताना तो शेवटी म्हणाला, की त्या दोन सावल्यांतली एक दुसरीपेक्षा जाड होती. पट्टी बांधलेल्या पायाची असावी तशी.

ताई, त्या सावल्या तुझ्या आहेत. दाजी कुठेही फिरत नाहीत. पाहुणे ज्याला भितात ती तू आहेस.

आधी मला हसू आलं. बायकोला सांगायला गेलो आणि निम्म्यातच हसू गेलं. कान ठेव असं मीच लिहिलं आणि तू तो शब्दशः दाराला नेऊन लावलास. पण मला त्याचीही भीती वाटत नाही. माझी बहीण रोज दुपारी अनवाणी उभी राहून परक्यांचा श्वास ऐकते आणि मला ते कोणा चष्मेवाल्याकडून कळतं, याची भीती वाटते. तेराव्यानंतर मी निघालो, तेव्हा मीही तुला ‘येतो’च म्हणालो होतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. हे निघतानाचं नव्हे. डबा घेऊन, खरोखरचा येतो. तोवर वर जाऊ नकोस, आणि माझ्यावर रागावलीस तरी दार उघड.

तुझा,
ठोंब्या


२० जुलै

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तू पोचल्याचं कळलं. डबा इथेच विसरलास, त्यात आता माझी रिळं आणि सुया आहेत.

तुझं ते पत्र आलं तेव्हा मी बसले नव्हते, उभ्यानेच वाचलं. मग दिवसभर खोलीबाहेर आले नाही. कोणाला घाबरायचं हेच कळेना. इतके दिवस वरच्याला भीत होते आणि वरची मीच. मावशींना सांगितलं, तर म्हणाल्या, संशय त्यांना होता, पण मालकांना घाबरणं सोपं होतं, मालकिणीला सांगणं अवघड.

तू म्हणालास तसं करते आहे. यांच्या जुन्या चपला घालून वर जाते. त्या मला मोठ्या होतात आणि फटफट वाजतात. कोणाच्या दाराशी थांबत नाही. कोणाची झोपमोड होत असेल तर होऊ दे. दुपारी मावशी माझ्या खोलीत येऊन पडतात, त्या बऱ्यापैकी घोरतात.

आता खरी बातमी. काल दोरेवाले आले. मुक्कामाला नव्हे, उतरलेत समोरच. रस्त्यावरून आत डोकावले आणि दारातच थांबले. मी हिय्या करून विचारलं, त्या दिवशी ‘जातो’ का म्हणालात? ते चपलेने फरशी घासत म्हणाले, ‘वहिनी, येतो म्हटलं की वाट बघतात. दाराबाहेर जे उभं होतं, त्यानं माझी वाट बघू नये, म्हणून तसं म्हणालो.’

क्षणभर लपवावंसं वाटलं. पण सांगितलं. ती मी होते, म्हटलं. पाहुण्यांच्या काळजीपोटी उभी राहायचे, आणि खाली एकटीला बसवत नव्हतं म्हणूनही. दिरांना कळलं तर इमारत उद्याच विकतील, ही भीती बोलताना होतीच. ते आत आले, बाकावर बसले. मी चहा टाकला. यांच्या खुर्चीकडे बघत त्यांनी तो गार होईपर्यंत धरून ठेवला. हे हरलेल्या वादात कसे आवाज चढवायचे, ते सांगून थोडे हसले. मग उठले. उंबऱ्यापाशी थबकले आणि म्हणाले, ‘येतो.’

रीत म्हणून म्हणाले की खरंच, मला ठाऊक नाही. कधी, असं विचारलं नाही. त्यांच्या खोलीचे पडदे तेवढे नीट जुळवून आले. दिरांची वर्षअखेरीची मुदत डोक्यावर आहेच, आणि भीती गेली असं मी लिहिणार नाही.

परवा जिन्यावर चपला वाजत होत्या तेव्हा एका बंद दारामागून कोणीतरी विचारलं, कोण आहे? मी मोठ्यांदा म्हणाले, मी आहे, मालकीण. आतून गार पाणी मागितलं.

मुलीला पापा, बायकोला आशीर्वाद. आपल्या लोभाबद्दल मला काही मागायचं नाही, तो तू शनिवारी आणून दाखवलास. फक्त एवढंच, की गाडीत चढताना तू ‘येतो’ म्हणालास. दोरेवाल्यांना विचारलं नाही, पण तुला विचारते. कधी?

तुझी,
ताई