तुझं एक वर्ष

प्रिय टोळबाई,

तू खेळ सोडतेस हे शेजारच्या नर्सबाईंनी मोबाइलवर दाखवलं. हसून सांगत होतीस, पस्तिशी गाठली, पाय थकले, पुढच्या वर्षीचा वर्ल्ड कप लहान पोरींनी खेळावा. माझ्या हातातला चहा तसाच निवला. चार दिवस झाले, पत्र लिहितेय. तिसरीपर्यंतचं शिक्षण, अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, गोड मानून घे.

आधी कौतुक. ती शेवटची फ्री किक मी अकरा वेळा पाहिली. कॉलरवरून इस्त्री फिरावी तसा चेंडू वळला गं. दूधवाला कुरकुरला, आपली असून तिकडच्यांसाठी खेळते. मी म्हटलं, मग इकडच्यांनी घ्यायची होती. म्हटलं खरं, आणि जीभ चावली.

तुझी आई गेली तेव्हा तू अडीच वर्षांची, बाबा परदेशी कामाला. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी चादरींना इस्त्री करायची आणि तू गठ्ठ्यांवरून उड्या मारायचीस, म्हणून तर टोळ. एकदा तापलेल्या इस्त्रीला हात लावलास. दुसऱ्याच दिवशी तुला शाळेत नेलं. मोठ्या बाई म्हणाल्या, पाच पूर्ण लागतात. तू चारची. मी बेधडक एक वर्ष वाढवून सांगितलं, जन्माचा कागद हरवला म्हटलं. पोर लहान दिसते, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या घराण्यात सगळे बुटकेच. पुढे ताडमाड वाढून तू मला खोटं पाडलंस ते वेगळं.

मग ती पंधरा वर्षांखालच्या संघाची निवड. तीन गोल केलेस. साहेबांनी शाळेचा दाखला पाहिला, दोन महिने जास्त म्हणाले आणि नाव खोडलं. मी मैदानाच्या जाळीबाहेर डबा धरून उभी. खरा कागद घरी ट्रंकेत होता. पण खोटं उघडं पडलं तर तुला शाळेतून काढतील, मला पकडून नेतील, या भीतीनं माझी दातखीळ बसली. माझ्या पदरात तोंड खुपसून रडलीस, आणि मी म्हटलं, नशीब गं. नशिबाचा त्यात काय संबंध?

वर्षभरात बाबानं तुला तिकडे नेलं. त्याला खरं वय ठाऊक होतं, पण तुझे कागद त्याच दाखल्यावर झालेले. उलगडलं तर परत पाठवतील म्हणून तोही गप्प. तू परक्या भाषेत, थंडीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. दोन वर्षं राखीव बाकावर काढलीस. फोनवर म्हणायचीस, आजी, मजेत आहे. मीही म्हणायची, मजेत.

बाबा म्हणतो, आता तुला तिथून कुणी हलवणार नाही. म्हणून ट्रंकेतला तो खरा कागद, आईच्या बाळंतपणाची हॉस्पिटलची चिठ्ठी, पाकिटात घातलीय. तारीख नर्सबाईंकडून दोनदा वाचून घेतली. तू चौतीसची आहेस, टोळे. माझ्यावर रागव, महिनाभर फोन करू नकोस, सोसेन. पण पाय थकले म्हणतेस ते खरंच थकले, की कुणी पस्तीस म्हटलं म्हणून थकले, हे चिठ्ठी वाचून एकदा पायांनाच विचार.

तुझीच,
तेव्हा जाळीबाहेर गप्प उभी राहिलेली
आजी