चायनाहून माहेरी

माय,

कोलकात्याहून तुह्या धम्मशीलेचा जय भीम घे. फोनवर आपला प्रसेनजितभाऊ स्पीकर लावते आन मधीच बोलते, म्हणून पत्र लिहून राह्यली.

मी बरी हाये. दवाखान्यातली ड्युटी बी बरी हाये, फक्त ज्वारीची भाकर भेटत नाई. तुहे गुडघे कसे हायेत?

मी पाठवलेली लाकडी मूर्ती लक्ष्मी समजून शेजारच्या कौशल्याबाईनं तिले कुंकू लावलं म्हणे. आन प्रसेनजितनं तिले कोठीमागं टाकलं. "बौद्धाच्या घरात देवी नाई चालत, त्यात हा चायना माल," म्हणे.

त्याले हे वाचून दाखवजो. ती देवी नाई. करुणेचा बोधिसत्त्व हाये, आपल्याच मुलखातून चीनमधी गेला, तिथल्या लोकायनं त्याले बाईचं रूप देलं. शंभर वर्साच्या वरचं कोरीवकाम हाये. अशा जुन्या मूर्ती मी जमवते, माह्या कमाईची हौस हाये, अजून बी आणीन. आन चायना माल काऊन म्हणते तो? माहेरची पोरगी हाये ती, लय दिवसानं घरी आली.

कुंकू ओल्या फडक्यानं पुसून टाक, पण कौशल्याबाईले बोलू नको. तिनं मानानंच लावलं.

बुद्धपौर्णिमेले मी येऊन राह्यली. तुहा जावई येणार नाई, आन मी बी त्याच्या घरी परत जाणार नाई. तू रडू नको. कोणी विचारलं तर सांगजो, लपवू नको.

फक्त त्याआधी मूर्ती समोरच्या खोलीत ठेव. माहेरी आलेल्या बाईले तुम्ही कुठं ठेवता, हे मले दारातूनच दिसलं पाहिजे.

तुहीच,
धम्मशीला