फाटक उघडेपर्यंत

२७ सप्टेंबर, शनिवार

ममता गेली. माझ्या फाटकावर.

पुढे लिहवत नाही.

२८ सप्टेंबर

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळची ड्युटी होती. पॅसेंजर यायची होती. स्टेशन मास्तरांचा फोन आला, मी फाटक लावलं, चावी फिरवली, त्यांना फाटक बंद झाल्याचा नंबर दिला. सिग्नल हिरवा. त्यानंतर चावी आत अडकते. गाडी जाईपर्यंत सुटत नाही — मी ओढली तरी नाही, देवाने ओढली तरी नाही!

तेवढ्यात पलीकडून रिक्षा आली. त्यातून रोशन उतरून धावत आला. माझा धाकटा भाऊ. 'ताई, उघड! ममताला श्वास येत नाहीय!' रिक्षात ममता, ओठ निळे. माझ्या भावजयीला दमा आहे हे ठाऊक होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

मी मास्तरांना फोनवर किंचाळून सांगितलं. ते म्हणाले, 'बाई, गाडी अगदी जवळ आलीय. आता सिग्नल लाल केला तरी ती थांबायची नाही. फाटकाला हात लावू नका!' पॅसेंजर गेली. पण उलट बाजूच्या मालगाडीलाही सिग्नल दिलेला. ती मेली संपता संपेना. रोशन दांड्यावर मुठी आपटत होता. मग आपटायचा थांबला.

फाटक उघडलं तेव्हा रिक्षा माझ्यासमोरून गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. स्टेशनवर कुणीतरी आपट्याची पानं हातात ठेवली. टेबलावर ठेवून आले.

९ ऑक्टोबर

तेरावं. गेले. न जाऊन कसं चालेल? रोशनची चाळ फाटकापासून हाकेच्या अंतरावर, पण आज तो रस्ता सरेना. मी दारात दिसताच रोशन उठून आत गेला. मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, 'लोखंडाची नोकरी करून काळीजपण लोखंडाचा झाला गो तुझा!' काय सांगू? चावी सुटत नव्हती म्हणून? चाळीतल्या बायकांना चावी समजावत बसू?

पाणीही न पिता गोडदेवला घरी आले.

१४ ऑक्टोबर

चौकशी झाली. मशीनमध्ये सगळी नोंद असते, फोनचं बोलणंसुद्धा. माझा आवाज मलाच ऐकवला. तो आवाज माझा वाटेना.

साहेबांनी विचारलं, 'रुळांवरून एवढा नवीन पूल असताना तुमचे भाऊ फाटकाकडून का आले?' मी म्हटलं, 'जवळ पडतं म्हणून असेल.' मला तरी कुठे माहीत आहे!

शेवटी म्हणाले, 'तुम्ही नियमाप्रमाणेच केलंत. काळजी करू नका.' मी रडायला लागले. त्यांना वाटलं सुटले म्हणून रडतेय. एका बाईने पाठीवर थोपटलं, चहा मागवला!

१७ ऑक्टोबर

भाजीवाली म्हणाली, 'वो फाटकवाली आपही हो ना?' कोथिंबीर तिथेच टाकून आले.

हे म्हणतात, 'बदली मागून घे. रोज तीच जागा कशाला बघायची?' बरोबर आहे त्यांचं. पण मी गेले तर रोशन मला शोधायला कुठे येईल?

२० ऑक्टोबर

आज ममताची फार आठवण आली. कामावरून येताना बंद फाटकापाशी उभी राहून ओरडायची — 'वन्सं, घरच्या माणसांना तरी सोडा की!' आणि स्वतःच हसायची. रोशनची तर वेगळीच तऱ्हा. चाळभर सांगत फिरायचा, 'फाटक म्हणजे आपल्या घरचं दार.' मलाही ऐकून बरं वाटायचं. कधी टोकलं नाही.

गुणाची पोर होती. सण आला की डबा घेऊन केबिनशी यायची. डबा अजून माझ्याकडेच आहे, रिकामा. परत कुणाला देऊ?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

त्याच्या घरी यंदा सण नाही, ओवाळायचं नाही, कळतं मला. तरी पाट मांडला. ओवाळणी नको, भेट नको, नुसता येऊन बस रे बाबा. हवं तर शिव्या घाल.

आला नाही. ह्यांनी पाट उचलला नाही. दिवसभर त्याला वळसा घालून जात-येत राहिले.

२४ ऑक्टोबर

बदलीचा अर्ज दिला.

१ नोव्हेंबर

रोशन आला!

दुपारी गाडी गेली, मी फाटक उघडलं, पुढचे सगळे पार झाले. एकटा तोच उभा. मागचे हॉर्न वाजवतायत, हा हलत नाही. मी जवळ गेले. म्हटलं, मार मला.

त्याने माझा हात धरला. म्हणाला, 'ताई, रिक्षावाला पुलावरून घेत होता. रस्ता मोकळा होता. मीच वळवायला लावली. म्हटलं, फाटकावर माझी बहीण आहे.'