तलंगांच्या पाठीवरचं कुंकू

आत्याबाई, तुमच्या हाताखाली सून म्हणून जेवढी वर्षं नांदले, त्याच्या दुपटीनं आता तुमच्याशिवाय नांदून झालं. आज सकाळी नातसुनेनं बाजारातून चार कोंबड्या आणल्या आणि घरच्या कोंबड्यांत सरळ सोडून दिल्या. घटकाभरात एकीच्या शेपटीच्या मुळाशी कातडी उघडी पडली. ही पोरगी शेंद्र्याला कंपनीत मशीन चालवते, एरवी कशाला भीत नाही. पण रक्त बघून माझ्याकडं पळत आली. "आजी, जीवच घेतील की ह्या तिचा!" मी काठी टेकत अंगणात गेले आणि तोंडातून तुमचंच बोलणं निघालं, "आधी त्या मारकुटीला उचल."

पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. लग्नानंतरची पहिली पंचमी माहेरी करून मी चिकलठाण्याला परत आले, तर आईनं डालग्यात घालून तीन तलंगा दिल्या होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या, कोवळ्या. तुम्ही शहागंजात अंडी विकायला गेलेल्या. थोरल्या जाऊबाई अंगण झाडत होत्या. डालग्यात डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, नव्या नवऱ्या आल्या की! कुंकू लाव त्यांना, ओवाळून आत घे." थट्टा होती, हे मला कळत होतं. पण माहेरी नवी गाय दारात आली की आई तिला हळदकुंकू लावायची, भाकर चारायची; मग ह्या जिवांनी काय पाप केलं? मी ओल्या बोटानं तिघींच्या पाठीवर चांगलं ठसठशीत कुंकू टेकवलं आणि त्यांना मोकळं सोडलं.

तुमच्या सात कोंबड्या आधी नुसत्या मान वाकडी करून बघत राहिल्या. मग तुमची लाडकी तांबडी पुढं झाली आणि नेमकी त्या लाल ठिपक्यावर चोच मारली. लाल दिसलं की कोंबडीला राहवत नाही, हे मला कुठलं ठाऊक! कुंकवाखालून खरं रक्त आलं, तशा सगळ्याच धावल्या. दोन तलंगा कुडाखाली शिरल्या. तिसरी, सगळ्यात बारकी, कोपऱ्यात डोकं खुपसून उभी आहे, तिची पिसं अंगणभर उडताहेत, मी रडते आहे आणि जाऊबाई खराटा घेऊन त्यांना हाकलताहेत. तेवढ्यात तुम्ही आलात. टोपली खाली टाकून तिला पदरात घेतलंत. "कुणी लावलं गं हे कुंकू?" मी खाली बघितलं. तुमची नजर जाऊबाईंकडं गेली. "तूच असशील. माणसाची मस्करी करून पोट भरलं नाय, आता तिच्या माहेरच्या कोंबड्याबी सोडायच्या नायत व्हय?" जाऊबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं. मी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. मी बोलले नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि उरलेलं अंगण झाडायला घेतलं.

ती बारकी वाचेल असं वाटत नव्हतं. तुम्ही जखमेत हळद दाबलीत, मग तव्याच्या बुडाची काजळी करडीच्या तेलात कालवून तिच्या पाठीवर चोपडलीत. लाल टिपूस कुठं दिसू दिला नाही. तिघींना अंगणाच्या मधोमध विरळ विणीच्या डालग्याखाली डालून ठेवलंत. "बघू दे एकमेकीला. नजर पोचावी, चोच पोचू नाय." दाणे दोन ठिकाणी टाकायला लावलेत, मेथीची जुडी मानेच्या उंचीवर टांगलीत, म्हणजे चोचींना दिवसभर काम. आणि तुमच्या हातावरच्या कण्या खाणाऱ्या त्या तांबडीला शेजारच्या परड्यात नेऊन कोंडलंत. मी विचारलं, "तिला कशाला, आत्याबाई? ती तर घरची." तुम्ही म्हणालात, "घरचीच मारती गं. चार दिस भाईर ऱ्हाऊ दे. माघारी आली की हीच नवी." झालंही तसंच. आठवड्यानं डालगं उचललं आणि मग तांबडीला आणलं, तर ती मान आखडून कडेकडेनं दाणे टिपत होती. दिवाळीच्या आधी बारकीनं पहिलं अंडं दिलं. तुम्ही ते माझ्या हातावर ठेवलंत.

जाऊबाई अजून आहेत. ऐकू कमी येतं, पण कोंबड्यांचा कालवा ऐकून आज त्याही ओट्यावर आल्या, बघत बसल्या. एवढ्या वर्षांत त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मुलांच्या पाटीवरून मी अक्षरं शिकले, त्यांना ती आली नाहीत. हे त्यांना वाचून दाखवायला पाहिजे. पण लिहायला बसले ती तुम्हाला, कारण तुम्ही माझ्याकडं वर मान करून बघणार नाही. हा कागद कुठं धाडायचाही नाही.

कुंकू मी लावलं होतं, आत्याबाई. त्या दिवशी दिवेलागणीला जाऊबाई न जेवता चुलीकडं पाठ करून बसल्या होत्या. तुम्ही मला पहिल्यांदाच जवळ बसवून घेतलंत, आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून दिलीत, "खा पोरी," म्हणालात. भीतीनं गप्प बसले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ती भाकर मला फार गोड लागली.