पोपट नेला, खुर्ची राहिली

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (पट्टा कपाटात ठेवून कंबर बरी होत नाही, तो बांधावा लागतो.) मी सुखरूप आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी चहा गाळत होते. खुर्चीची चाकं बुडायला लागली तशी अग्निशमन दलाची होडी दाराशी आली आणि एका धिप्पाड जवानाने मला वळकटीसारखं उचललं. विचारणं वगैरे काही नाही. माणूस भला होता, हातही मजबूत, त्याबद्दल तक्रार नाही. मी म्हटलं, "माझी चाकांची खुर्ची घ्या." तो म्हणाला, "आजी, फक्त माणसं. सामान नंतर." मी म्हटलं, "सामान नाही, ते माझे पाय आहेत." त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आहेत की पाय." होडीत शेजारीण बसली होती, मांडीवर पोपटाचा पिंजरा. पोपटाला माणसांत धरलं होतं.

आम्हाला एका शाळेत उतरवलं. तळमजल्यावर धान्याची पोती, कारण पोत्यांना जिना चढता येत नाही. म्हणून माणसं वरच्या मजल्यावर. स्वच्छतागृह व्हरांड्याच्या टोकाला, पायऱ्या चढून. दर वेळी दोघांनी उचलून न्यायचं आणि बाहेरून "झालं का?" विचारायचं, म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. (हे तुझ्या बायकोला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. मी का लाजू?) चहा वाटणारे गृहस्थ माझ्यासमोर उभे राहून शेजारणीला विचारायचे, "आजींना साखर चालते का?" ती म्हणायची, "नाही." साखर तिच्या नवऱ्याला चालत नव्हती. तो बिचारा केव्हाच गेला, पण जिभेचं वळण जात नाही. मी फिका चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी शिबिरप्रमुख बाई आल्या आणि त्याही शेजारणीलाच म्हणाल्या, "यांना संध्याकाळच्या गाडीने वृद्धाश्रमात हलवतोय. भावाशी बोलणं झालंय."

मी विचारलं, "भावाला हलवताय का?"

"नाही, तुम्हाला."

"मग माझ्याशी कधी बोललात?"

"तुमच्या भल्यासाठीच आहे, आजी."

धाकट्या, हे भलं मी आधी पाहिलंय. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना मागच्या पुरात असंच थोडे दिवस म्हणून नेलं होतं. त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे.

जन्मभर बस स्थानकावर गाड्या पुकारल्या, तो आवाज अजून शाबूत आहे. मी शेजारणीला मुख्याध्यापकांची गोल फिरणारी खुर्ची आणायला सांगितली. तिला चाकं होती, पण स्वभाव चंचल. कार्यालयापर्यंत मी निम्मा व्हरांडा पाठमोरी गेले. तिथे शाळेचा माइक होता. मी पुकारलं, "सर्वांनी लक्ष द्यावे. मला कुठे न्यायचं हे मला सोडून सगळ्यांना विचारण्यात आलेलं आहे. असे आणखी कुणी असतील तर त्यांनी कार्यालयासमोर यावे." (सवयीने "फलाटावर" म्हणाले, मग दुरुस्ती केली.)

बरेच आले. पांढऱ्या काठीचे पेटीमास्तर आले, कुबड्या घेतलेला रंगारी आला. सगळ्यांत शेवटी एक तरुण बाई आली आणि तिने फळ्यावर लिहिलं, "मला ऐकू येत नाही. लोक का धावले ते कुणी सांगेल का?" माझा तोरा तिथेच उतरला. मी भोंग्यावरून सर्वांना म्हटलं होतं, आणि सर्वांत ती नव्हती.

शिबिरप्रमुख आधी चिडल्या, मग बसल्या आणि एकेकाला विचारायला लागल्या. वाईट नाहीत, दमलेल्या होत्या. पोती वर गेली, आम्ही खाली आलो. खालच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी रंगाऱ्याने फळी टाकून घेतली. सूचना आता फळ्यावरही लिहितात. त्याच जवानाने माझी खुर्ची होडीतून आणली. चाकांत चिखल, पण चालते. पेटीमास्तर मात्र वृद्धाश्रमाच्या गाडीत आपणहून बसले. तिथे पेटी आहे म्हणे. विचारलं की असं कळतं.

सर्वांना यथायोग्य, आणि तुला थोडं कमी.

तुझी,
ताई

ता. क. शिबिरप्रमुखांचा पुन्हा फोन आला, तर "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" असं म्हणू नकोस. "ताईला विचारा" म्हण. दोनच शब्द आहेत.

ता. क. २. घर वाळेपर्यंत मी तुमच्याकडे राहायला येते आहे. दारातल्या पायऱ्यांवर फळी टाकून ठेव. तुझ्या बायकोशी बोलणं झालंय, ती हो म्हणाली. शेजारीण आणि पोपटही येतील. तुला विचारायचं तेवढं राहिलं.