शेंड्याचं पान

३ नोव्हेंबर, मंगळवार

आधी कोण टपकलं, तर शेजारची शिंपीण! पाहुणे माझे, गाडी थांबली माझ्या दारात, आणि फाटकाशी उभी ही. गळ्यात मोजायची फीत, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या न काढताच म्हणते, "लेक वाळली हो तुमची." माझ्या लेकीला माझ्या आधी हिने बघितलं. हे मी विसरणार नाही.

मग लेक उतरली. मग भिंगरी, माझी नात, एकुलती एक, शनिवारी सोळा पूर्ण होतील. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. आता ठरते. आल्या आल्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आजी, बुटकी झालीस गं." मला इतका आनंद झाला की चहात दोनदा साखर घातली. सगळे तसाच प्यायले.

सगळ्यांत शेवटी जावई. पिशव्या मायलेकींच्या हातात, आणि ह्या गृहस्थाच्या हातात एक सिगार. पेटवलेली नाही. माझ्या घरात पेटवायची नाही हे ठाऊक आहे, म्हणून नुसती धरून फिरतात, लहान मूल बाहुली धरतं तशी. विमा विकतात. दिवसभर लोकांना मरणाची भीती घालायची आणि संध्याकाळी गॅलरीत बसून धूर काढायचा.

रविवारपर्यंत मुक्काम आहे. घर भरलं. आज ह्यांची उशीसुद्धा बाहेर काढली. ह्यांची म्हणजे माझ्या यजमानांची. तीन वर्षं झाली जाऊन.

४ नोव्हेंबर, बुधवार

कसला बेत घेऊन आलेत ते आज कळलं. मला वाटलं होतं लेकीला आईची आठवण आली.

जेवणं झाल्यावर जावई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. आवाज मधात बुडवलेला. "आई, शनिवारी भिंगरीचा वाढदिवस. माझ्या मनात आहे, तिला तिची पहिली सिगार द्यायची. सगळ्यांसमोर, घरात. आणि ती तुमच्या हातची असावी."

मी म्हटलं, परत सांगा. मला वाटलं कान गेले.

परत सांगितलं. म्हणे, मुलं ह्या वयात करून बघतातच. चोरून बघण्यापेक्षा आईबापांसमोर बघू द्यावं. वर्षातून एक, फार तर दोन. मोजून. मग त्यातली गोडी जाते आणि मर्यादा कळते. "बंदी घातली की ओढ वाढते, आई."

मी म्हटलं, "मग आगपेटीही लहानपणीच द्यायची होती हातात. घर जाळायची ओढ राहिली नसती."

लेक म्हणाली, "आई, शांतपणे ऐक ना जरा." लग्न होऊन अठरा वर्षं झाली, तिच्या तोंडून मी दुसरं वाक्य ऐकलेलं नाही.

जावई म्हणाले, "सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडात खेळवायचा आणि सोडायचा. सिगारेटसारखं नाही ते."

मला शिकवतात! एकतीस वर्षं मी सिगारच्या कारखान्यात वळायच्या टेबलावर होते. चौथी शिकलेली बाई, पण पानाची जात बोटांना कळायची. समोर उंच खुर्चीवर मास्तर बसून वर्तमानपत्र वाचायचे, आम्ही ऐकत वळायचो. जगात काय चाललंय ते मला तिथे कळलं, माझी शाळा तीच. हेही तिथेच, पेट्या भरायला. कारखान्याची रीत होती, कामगाराला रोज पाच सिगारी फुकट. हे आपल्या पाच माझ्या टेबलावरून उचलायचे. "तुझ्या हातची जळते सरळ," म्हणायचे. मी लाजायचे. मूर्ख बाई.

त्यांनीही कधी धूर छातीत घेतला नाही. तोंडातच खेळवला. शेवटी जीभ गेली. आठ महिने पाटीवर लिहून बोलत होते. मी वळल्या, त्यांनी ओढल्या.

हे सगळं जावयांना सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडले. ते म्हणाले, "रोज पाच कुठे आणि वर्षाला एक कुठे, आई. मर्यादा म्हणतो ती हीच."

ह्यांच्यासमोर शब्द दिलाय की पुन्हा पानाला हात लावणार नाही. तेही सांगितलं. जावई म्हणाले, "वळा किंवा नका वळू. नाही वळलीत तर माझ्यातली देईन."

म्हणजे द्यायची हे ठरलेलंच. मला विचारायचं ते फक्त शोभेला.

भिंगरी तिथेच होती. माझ्या पायाशी बसून माझ्या पायाची नखं कापत होती. इतकं गुणी पोर!

५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी शिंपिणीला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती सुईत दोरा ओवत होती आणि तेव्हा तिचं तोंड बंद असतं, अशी संधी परत येत नाही. ऐकून म्हणाली, "माझ्या थोरल्याला त्याच्या बापाने असंच पहिल्यांदा घरात पाजलं. बियर. मर्यादेत." तिचा थोरला आता कुठे असतो ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. 

परत आले तर भिंगरी कपाट आवरत होती. माझं, चादरींचं. कुणी सांगितलं नव्हतं. चादरींच्या मागे ह्यांची पेटी आहे, लाकडी, पंचवीस सिगारींची. ह्यांच्या हातून भरलेली शेवटची पेटी. एकही ओढलेली नाही. तोवर ओढणं संपलं होतं. मी ती उघडत नाही. उघडली की वास उडेल. भिंगरीला म्हटलं, त्या पेटीला हात नको. म्हणाली, "माहीतेय आजी." आणि चादरी नीट रचून दार लावलं.

वासावरून आठवलं. गेल्या सुट्टीत लेकीचं ऑपरेशन होतं तेव्हा भिंगरी महिनाभर माझ्याकडे होती. त्या दिवसांत संध्याकाळी घरात ह्यांचा वास यायचा. अगदी तोच. कुणाला खरं वाटणार नाही म्हणून वहीतच लिहिते. मी दिवा न लावता बसून राहायचे. पोर घरात असली की गेलेली माणसंही घराकडे वळतात. ती गेली आणि वास थांबला.

दुपारी जावई कारखान्याच्या दुकानातून पानांची जुडी घेऊन आले. न विचारता. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "विचार करा." लबाड माणूस. त्याला माहीत आहे, पान समोर आलं की माझी बोटं वळवळतात.

ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. नुसती सुकू नयेत म्हणून.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

वळणार. पण माझ्या पद्धतीने.

कुणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहिते. झाडाच्या बुडाची पानं सौम्य असतात, मधली चवीची, आणि शेंड्याची जहाल. ऊन सगळं शेंडा खातो. सिगारीत शेंड्याचं पान मोजकंच घालतात, नाहीतर भलेभले गडी कोलमडतात. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एका गड्याने पैजेवर निव्वळ शेंड्याची वळून ओढली होती. अर्ध्यात पांढराफटक पडला, मुकादमाच्या बुटांवर ओकला आणि नोकरी गेली ती गेलीच.

भिंगरीची मी निव्वळ शेंड्याची करणार. वरून गुळगुळीत, सोनेरी पान. आत जाळ. दोन झुरक्यांत पोर हिरवी पडेल, ओकेल, रडेल, आणि जन्मात पुन्हा नाव घेणार नाही. आणि जावई बघत राहतील.

ह्यांना मनात म्हटलं, शब्द मोडते आहे, पण कशासाठी ते बघा.

फळीवर पान पसरलं, शिरा काढल्या, चंद्रकोरी सुरी तीन वर्षांनी हातात घेतली. बोटं काही विसरली नव्हती.  भिंगरी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आजी, तू गातेस वळताना." मी गात होते म्हणे.

मला फार छान वाटलं. त्याचाच राग येतोय.

७ नोव्हेंबर, शनिवार

नीट लिहिते, नाहीतर उद्या वाटेल स्वप्न पडलं.

केक कापला. शिंपीण न बोलावता आली, नवा झगा शिवून घेऊन, तेव्हा हाकलता आलं नाही. झगा खरंच सुंदर आहे. मग जावई उठले, भाषण केलं. विश्वास, मोकळेपणा, मर्यादा. शिंपिणीने जांभई दिली. आम्ही सगळे गॅलरीत गेलो. मी बादली आधीच दाराआड ठेवली होती.

भिंगरीने सिगार घेतली. टोक कापलं, जेवढं कापायचं तेवढंच. काडी ओढली. आणि तोंडात घातली नाही. नवखा माणूस आधी तोंडात घालतो आणि काडी लावून ओढ ओढ ओढतो. हिने हातात धरून ज्योतीवर हळूहळू फिरवली, कड सगळीकडून सारखी लाल होईपर्यंत. मग ओठाला लावली.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता खोकेल. आता.

खोकली नाही.

धूर तोंडात ठेवला, सोडला. मग दुसरा झुरका. तोंड वाकडं केलं नाही, डोळ्यांत पाणी नाही. राख झाडायची घाई नाही, नखाएवढी होऊ दिली. शेंड्याचं पान! मी ओढली असती तर मी आडवी झाले असते.

जावई हसत होते. "बघा आई, काही झालं का? उगाच बाऊ करत होतात."

मी म्हटलं, "जावईबापू, ही तिची पहिली नाही."

हसू तसंच राहिलं तोंडावर, पण आतून निघून गेलं. मी सगळं सांगितलं. निव्वळ शेंडा आहे, ह्या पानाने पहिल्या दिवशी घोडासुद्धा पडेल. हिने किमान वीसेक ओढलेल्या आहेत. काडी धरायची रीत बघा. राख बघा.

लेकीने विचारलं, "भिंगरे, कुठे गं?" पोरीने सिगार कुंडीत टेकवली. "नको विचारू, आई." बस. एवढंच. माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

मग मी जावयांना सोडलं नाही. म्हटलं, तुमच्याच डब्यातल्या. तुमच्या मर्यादेची ही फळं. तुम्ही मोजून द्यायला निघालात, तिने कधीच मोजणं सोडलं! चोराच्या हाती किल्ल्या दिल्यात आणि वर भाषण करता? पोर आहे त्या घरात पान ठेवूच नका! ते म्हणत होते, "मी माझ्या रोज मोजतो, आई, एकही कमी नाही, शपथ." मी म्हटलं, विमेवाल्याची शपथ! शिंपिणीसमोर म्हटलं. पांढरे पडले. खुर्चीत बसले. शेवटी बादली त्यांनाच लागते की काय वाटलं.

लेक रडली. भिंगरी आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? वहीत कोण बघतंय. अठरा वर्षांनी ह्या माणसाचं तोंड बंद झालं.

८ नोव्हेंबर, रविवार

गेले सगळे.

निघताना जावई दारात थांबले. हात रिकामे होते. म्हणाले, "आई, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो. घरी जाऊन सगळा डबा टाकतो. मला थोडा वेळ द्या, मग नीट माफी मागायला येईन." मी मान फिरवली. रागाने. आता वाटतं एक शब्द बोलायला हवा होता.

लेक मात्र फिरली. हो ला हो म्हणणारी माझी लेक. म्हणाली, "त्यांना सगळ्यांसमोर एवढं बोललीस. घरात पान ठेवू नका म्हणालीस. तुझ्या कपाटात काय आहे मग?"

मी म्हटलं, ते वेगळं आहे. ती तुझ्या बाबांची आठवण आहे.

ती म्हणाली, "पान ते पानच, आई."

भिंगरीने मला इतकं घट्ट धरलं की चष्मा वाकला. कानात म्हणाली, "आजी, सॉरी." मी म्हटलं, तू कशाला, तुझ्या बापाने म्हणायला हवं.

ते गेल्यापासून लेकीचं वाक्य डोक्यात. बरोबर बोलली. जे जावयांना लागू ते मलाही. उद्या पेटी काढते आणि कचऱ्याच्या गाडीत देते. हे रागावणार नाहीत.

९ नोव्हेंबर, सोमवार

पेटी उघडली. वरच्या थरात तीन खऱ्या आहेत. खाली बावीस सुरळ्या, वर्तमानपत्राच्या, घट्ट आणि सारख्या वळलेल्या. प्रत्येकीवर कारखान्याची सोनेरी पट्टी. तारखा वाचल्या. गेल्या सुट्टीच्या.

लेकीचा फोन आला होता. येत्या रविवारी येतो म्हणालेत तिघं. जावई माझी माफी मागायला येतायत.